पाहुणे येतात, पण पोट भरून

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण येत नाही. प्रवासात जे पाहिले तेवढेच सांगते.

मागे लेक-जावयाबरोबर मी मुंबईहून गोव्याला बोटीने गेले. या वाटेवर २०१८ साली ‘आंग्रिया’ निघाली होती. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ची प्रचंड बोट निघू लागली. बोट कसली, तरंगते गावच ते! राहणे, न्याहारी, जेवण, नाचगाणे, सारे तिकिटातच. सकाळी मुरगाव बंदरात उतरलो आणि दिवस कलताच परत बोटीवर. मधल्या वेळात जुन्या गोव्यात एका बाईकडून पावशेर काजू घेतले. ती म्हणाली, “बोट आली की माणसं येतात बाई, पण पोट भरून येतात!”

ते शब्द मी घरापर्यंत घेऊन आले. आपल्या कर्जत-खालापुरात समुद्र नाही, पण अशा बोटी उभ्याच आहेत. रिसॉर्टचे पाहुणे शनिवारी मोटारीतून आत जातात आणि रविवारी आतूनच परत जातात. जेवणखाण भाड्यातच धरलेले. कुंपणाबाहेर ठाकर, कातकरी बाया करवंदे-जांभळे घेऊन बसतात. मोटारीची काच काही खाली येत नाही.

आता आपले स्टेशन पाहा. घाट चढायला मागून इंजिने जोडायची म्हणून गाड्या कर्जतला थांबत आल्या. तेवढ्या चार मिनिटांत बटाटेवडा विकला गेला आणि कर्जतचे नाव लांबवर गेले. गिऱ्हाईक भुकेले होते आणि खिडकी उघडी होती, एवढेच. उलट २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि खोपोलीच्या जुन्या रस्त्यावर चहाला थांबणाऱ्या कितीतरी गाड्या परस्पर जाऊ लागल्या.

आपण मंडळातर्फे एका रिसॉर्टात विचारायला गेलो होतो. व्यवस्थापक म्हणाले, “आमचे पाहुणे बाहेर पडत नाहीत.” मी म्हटले, “मग आम्हाला आत येऊ द्या. रविवारी न्याहारीच्या वेळी एक टेबल द्या. पापड, कोकम सरबत आणि पावसाळ्यात शेवळे, भारंगी, टाकळा मांडू.” ते विचार करून कळवणार होते, अजून कळवलेले नाही.

टेबल मिळाले, तर त्यावर करवंदेवालीची पाटी आपल्या पापडांच्या शेजारी ठेवायची. नाहीतर कुंपण आपणच आणखी एक घातले, असे होईल. तिच्या मालाचा पैसा तिच्याच हाती जावा.

सोमवारी अकराला पुन्हा जायचे आहे. चौघीजणी तरी याव्यात.