चालकाचे अवधान
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वाचावयाचे भाषण)



अवधान हा शब्द शिक्षकाला नवा नाही. फळ्यावर गणित चालू असता खिडकीबाहेर माकड दिसले, तर वर्गाचे डोळे फळ्याकडे राहतात पण मन झाडावर जाऊन बसते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. डोळे उघडे असणे म्हणजे पाहणे नव्हे आणि कानी शब्द पडणे म्हणजे ऐकणे नव्हे. वर्गात अवधान सुटले तर एखादे उदाहरण चुकते. ते पुसून पुन्हा सोडविता येते. रस्त्यावर वाहन चालविताना सुटलेल्या अवधानाची चूक मात्र पुसता येत नाही.

एका वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष देणाऱ्या माणसाला आपल्याकडे कौतुकाने अष्टावधानी म्हणतात. या कौतुकामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. मन दोन अवघड कामे खरोखर एकाच वेळी करीत नाही. ते एका कामावरून दुसऱ्यावर उडी घेते आणि पुन्हा परत येते. ज्या १९९९ साली गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, त्याच साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सायमन्स व चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना चेंडूफेकीचे चित्रण दाखविले आणि पांढऱ्या सदऱ्यांचे खेळाडू चेंडू किती वेळा देतात हे मोजावयास सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घेतलेली एक व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. मोजण्यात गुंतलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना ती दिसलीच नाही. डोळे पडद्यावरच होते. अवधान अन्यत्र होते.

वाहन चालविताना दूरध्वनीवर बोलणाऱ्याची स्थिती हीच असते. चालत्या वाहनावर अशा संभाषणात गुंतलेल्यास अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यंत्र हातात न धरता कानाला लावून बोलल्यास धोका टळतो, ही समजूतही खरी नव्हे. हात मोकळे झाले तरी मन गुंतलेलेच राहते. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि दूरवरच्या माणसाशी बोलणे यांत एक मोठा भेद आहे. शेजारचा माणूस समोरचे वळण पाहून आपण होऊन गप्प बसतो. दूरच्या माणसाला ते वळण दिसत नाही.

आता थोडे अंकगणित पाहावे. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात १५ मीटर अंतर कापते. मोबाइलवरील संदेश वाचण्यास चालकाला ४ सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात तो ६० मीटर रस्ता न पाहता ओलांडतो. त्यानंतर समोर बैल दिसला, तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणखी सुमारे एक सेकंद, म्हणजे १५ मीटर. एकूण ७५ मीटर झाले, आणि वाहन थांबण्यास अजून आरंभही झालेला नाही. एवढ्या अंतरात शाळेचे फाटक आणि त्यातून धावत येणारे मूल सहज सामावते.

आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांना तर अवधानाची विशेषच गरज आहे. नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्ग सडक अर्जुनी व देवरी तालुक्यांतून जातो आणि त्यावर अवजड ट्रकांची रहदारी अखंड चालू असते. गावोगावचे टोले रस्त्याला लागूनच वसलेले आहेत. धानाच्या हंगामात बांध्यांतून निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व बैलगाड्या अंधार पडल्यावर मागे दिवा नसताना चालतात. नवेगाव–नागझिऱ्याच्या परिसरात वन्य प्राणी रस्ता ओलांडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मुर्दोलीच्या जंगलात मोटारीची धडक बसून एक वाघ मरण पावला. गोंदिया–कोहमारा मार्गावर डव्वा गावाजवळ २९ नोव्हेंबर २०२४ रोजी एस. टी.ची बस उलटून ११ प्रवासी मृत्युमुखी पडले. समोर आलेल्या दुचाकीला चुकविताना बसवरील ताबा सुटला, असे त्या वेळी सांगण्यात आले. या घटनांत कोणाचे चित्त विचलित झाले होते, असे येथे म्हणावयाचे नाही. निर्णयासाठी मिळणारा अवधी केवढा अल्प असतो, हे मात्र त्यांवरून दिसते. तो अल्प अवधीही जो मोबाइलला देऊन टाकतो, त्याच्या हाती काही उरत नाही.

२६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात शाळेची मुले घेऊन जाणारी गाडी बिनपहाऱ्याच्या रेल्वे फाटकावर आगगाडीखाली सापडली आणि १३ बालके दगावली. चालकाच्या कानात इयरफोन होते, असे तेव्हा प्राथमिक चौकशीतून सांगण्यात आले. पुढे जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेज मार्गांवरील बिनपहाऱ्याची सर्व फाटके बंद करण्यात आली. फाटकांचा बंदोबस्त शासन करू शकले. चालकाच्या कानाचा बंदोबस्त त्याचा त्यालाच करावा लागतो.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालविताना हाती धरून मोबाइल वापरणे हे धोकादायक वाहनचालनात मोडते. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून अपराध केल्यास त्याच्या पालकाला वा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. सातवी–आठवीच्या मुलाच्या हाती मोटारसायकल सोपविणाऱ्या पालकांच्या कानी ही गोष्ट शिक्षकानेच घालावयास हवी.

परंतु हे सांगणाऱ्याचे स्वतःचे वर्तन कसे आहे, हे मुले आधी पाहतात. अनेक शिक्षक रोज दूरच्या गावाहून दुचाकीने शाळेत येतात. वाटेतच खिशातील मोबाइल वाजतो. ‘माहिती तात्काळ पाठवा’ असा संदेश असतो आणि गाडी न थांबविताच तो वाचला जातो. हेल्मेट व कान यांच्यामध्ये मोबाइल खोचून शाळेच्या फाटकातून आत येणारे गुरुजी त्या दिवशी वाहतुकीच्या नियमांवर जो पाठ देतील, त्यावर कोणते मूल विश्वास ठेवील? येथे दोष एकट्या शिक्षकाचा नाही. शिक्षक रस्त्यावर असण्याच्या वेळी त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा करणाऱ्या कार्यालयानेही विचार केला पाहिजे. कोणताही तक्ता अर्धा तास उशिरा गेल्याने शिक्षण थांबत नाही. पण शिक्षक पोहोचलाच नाही, तर वर्गही थांबतो आणि एक घरही उघडे पडते.

या दृष्टीने पुढील गोष्टी प्रत्येक शाळेत सहज करता येतील.

१. शाळेकडे निघताना शिक्षकाने मोबाइल आवाज बंद करून पिशवीत ठेवावा. अगत्याचे काम असल्यास गाडी रस्त्याच्या कडेला थांबवूनच बोलावे.

२. मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांनी शाळा भरण्यापूर्वीच्या व सुटल्यानंतरच्या प्रवासाच्या वेळी तातडीचे उत्तर मागू नये.

३. पाचवीच्या पुढील वर्गांत वेग, वेळ व अंतर यांची उदाहरणे रस्त्यावरील प्रसंगांतून घालावीत. मैदानावर ६० मीटरची रेघ आखून मुलांना ती डोळे मिटून चालावयास सांगावी. दहा पावलांतच पुष्कळ मुले डोळे उघडतात. त्या वेळी शिक्षकाने फारसे बोलण्याची गरज नसते.

४. पालकसभेत प्रत्येक घरी एक नियम करण्याची विनंती करावी : घरचा माणूस गाडीवर असल्याचे माहीत असता त्याला मोबाइल लावू नये, आणि तो गाडीवर असताना मोबाइल वाजला, तर मागे बसलेल्या मुलाने ‘बाबा, आधी थांबा’ असे म्हणावे.

यांतील चौथी गोष्ट सर्वांत फलदायी ठरेल. कायद्याचा पहारेकरी चौकात उभा असतो. मूल घरातच असते आणि गाडीवर बापाच्या पाठीशी बसते. त्याला एवढे एक वाक्य निर्भयपणे बोलण्याचे शिक्षण शाळेने दिले, तर जिल्ह्यातील कित्येक माणसे संध्याकाळी सुखरूप घरी परततील.