रोप लावलं, पण एप्रिलात पाणी कोण घालणार?



मी मीरा-भाईंदरमध्ये बचत गटांचं समन्वयाचं काम करते. आमच्या या खाडीकाठी वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथं भिंतीच्या फटीतही पिंपळ उगवतो. पण गटातल्या बऱ्याच जणींची माहेरं माणदेशात आणि नगरकडे आहेत. तिकडच्या कितीतरी गावांत पाचशे मिलिमीटरही पाऊस होत नाही. म्हणून आज बोलू या कमी पावसाच्या मुलखातल्या झाडांविषयी.

२०१९ च्या पावसाळ्यात आपल्या राज्यानं ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं. एवढा मोठा आकडा ऐकून बरं वाटतं. पण झाडाची खरी परीक्षा जुलैत होत नाही, ती होते एप्रिल-मे महिन्यात. तीन उन्हाळे काढले तर ते झाड म्हणायचं, तोवर ते रोपच.

मग ते जगवायचं कसं? सुरुवात करायची उन्हाळ्यातच. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तो उन्हात तापू द्या. भरताना वरची चांगली माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घाला, म्हणजे वाळवीचा त्रास कमी होतो. दोन-तीन चांगले पाऊस झाले, जमीन खोलवर ओली झाली, की रोप लावा. पिशवी फाडून काढायचीच. पिशवीत मुळं गोल गुंडाळलेली असतील तर ती हलक्या हातानं मोकळी करा, नाहीतर ती तशीच गोल वाढतात आणि खाली पाण्यापर्यंत पोचत नाहीत. उतारावर रोपाच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा मातीचा बांध घाला. वरून येणारं पाणी तिथं थांबतं आणि मुरतं.

झाड निवडताना आपल्या मातीतलं निवडा. कडुनिंब, बाभूळ, हिवर, खैर, बोर, आपटा, चिंच, सीताफळ ही उन्हाला सरावलेली झाडं. पहिली दोन वर्षं ती वर फार दिसत नाहीत, कारण त्यांची सगळी ताकद मूळ खाली न्यायला लागते. त्यामुळे वाढत नाही म्हणून नाराज होऊ नका. पानं गळून काडी उरली तरी लगेच उपटू नका. नखानं साल थोडी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. त्याला पाणी द्या.

पाणी कमी असेल तर रोपाशेजारी जुनं मडकं पुरा. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घाला. आठवड्यातून एकदा-दोनदा भरलं तरी ओल मुळाशीच राहते. भोवती पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका.

रोपं गटानं घरीही करता येतात. निंबोळ्या पिकून पडल्या की लगेच पेरा. जुन्या झालेल्या निंबोळ्या उगवत नाहीत. बाभळीचं बी मात्र कडक असतं. शेळ्यांच्या वाड्यात लेंड्यांबरोबर पडलेलं बी चांगलं उगवतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

आणि आता शेळ्यांचाच विषय. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथं सरपंच झाले. गावानं डोंगरावर समतल चर खोदले, झाडं लावली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायचं बंद केलं. पाणी मुरलं, विहिरी भरल्या. हे खरं आहे आणि मोठं आहे.

पण चराईबंदी म्हटली की पहिला प्रश्न कुणाला पडतो? जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि जिचं घर चार शेळ्यांवर चालतं, तिला. सरपण आणायलाही तीच डोंगरावर जाते. तिला न विचारता बंदी घातली, तर ती रात्री शेळ्या सोडणार, आणि तिला दोष तरी कसा देणार? हिवरे बाजारला जनावरं सोडायला बंदी होती, पण गवत कापून न्यायला मुभा होती. मोकळं सोडलेलं गवत भरपूर वाढतं. आपणही सगळं रान एकदम बंद न करता एक तुकडा तीन वर्षं राखू शकतो, आणि त्यातलं गवत कापण्याचा पहिला हक्क शेळीवाल्या बायांना देऊ शकतो.

हे ठरवायची जागा आपल्याकडे आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिथं हा विषय मांडा. झाडं लावण्यासाठी मजुरी मिळत असेल, तर पुढे ती जगवण्याची मजुरीही मागा. पाण्याचा हंडा बाईच्याच डोक्यावर येणार असेल, तर ते काम फुकटचं का धरायचं?

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की वहीत एक पान झाडांसाठी ठेवा. किती लावली ते लिहू नका. कुठलं झाड, कुणाच्या वाट्याला, एप्रिलात पाणी कोण घालणार, एवढंच लिहा. दर उन्हाळ्याच्या शेवटी जिवंत झाडं मोजा. दहा लावून आठ जगली, तर शंभर लावून दहा जगण्यापेक्षा ते काम मोठं. त्या आठ झाडांखाली पुढं पोरं खेळतील, शेळ्याही बसतील.