शोकाकुल बालकाजवळ बसण्याचे शिक्षण



घरी मृत्यू घडला की आपले कार्यकर्ते तिरडीपासून तेराव्यापर्यंत सारे निगुतीने पार पाडतात. कोपऱ्यातल्या पोराला मात्र "बाबा गावाला गेले" म्हणून मोकळे होतात. ते पोर मग दाराशी वाट पाहत राहते. मीही एके काळी पाहिली आहे. अमेरिकेत पोर्टलंड येथे १९८२ साली स्थापन झालेल्या डगी सेंटरमध्ये शोकग्रस्त मुलांसोबत बसणाऱ्या स्वयंसेवकांस आधी शिक्षण घ्यावे लागते. 'वारले' हे स्पष्ट सांगावे, बोलते करण्याची घाई न करता ऐकावे, खेळू द्यावे. सांत्वन उपजतच येते, हा समज मला तरी मान्य नाही. कार्यकारिणीने असा वर्ग काढावा. पहिला विद्यार्थी मी होईन.