परदेशातली नाचाची रात्र



मोताळ्यासारख्या गावातून लेकरू परदेशी शिकायला निघालं, की घरचे फी, थंडी आणि जेवण यांची चिंता बोलून दाखवतात. आणखी एक चिंता मात्र मनातच राहते : तिथं म्हणे रात्र रात्र नाच चालतो, आपलं पोर त्यात वाहवत तर जाणार नाही? आज त्याच चिंतेविषयी बोलायचं आहे.

स्कॉटलंडचं उदाहरण घेऊ. ग्लासगो, एडिनबरा इथं शिकणाऱ्या मुलांना ‘केली’ या सामूहिक नाचाचं आमंत्रण हमखास येतं. फिडल आणि अकॉर्डियन वाजू लागतात आणि एक जण पुढची पावलं सांगत राहतो. अनेक नाचांत जोड्या बदलत जातात, त्यामुळे नवखा विद्यार्थीही थोड्याच वेळात अनेकांच्या ओळखीचा होतो. आपल्या शाळांत लेझीम शिकवतात, तसे तिथल्या शाळांत नाताळाआधी व्यायामाच्या तासाला हे नाच शिकवले जातात. तरुण आणि म्हातारे एकत्र नाचतात.

बर्लिनची तऱ्हा वेगळी. पश्चिम बर्लिनमध्ये मद्यालयं रात्री ठरावीक वेळी बंद करण्याचं बंधन 1949 सालीच उठलं. तिथले नाचाचे क्लब मध्यरात्रीनंतर भरतात. या शहराच्या टेक्नो संगीत-संस्कृतीला 2024 मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. म्हणजे तो देशही या नाचाकडे आपला ठेवा म्हणून पाहतो.

आपली बरीच मुलं मात्र वर्ग, ग्रंथालय आणि खोली यांपलीकडे जात नाहीत. पदवी मिळते, पण त्या देशातला एकही मित्र मिळत नाही. एकटेपणा मुलांना आतून पोखरतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, जा, नाचा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघरी भुलाबाईची गाणी म्हटलेल्या मुलीनं आणि गणपतीपुढे लेझीम खेळलेल्या मुलानं बुजायचं कारण नाही. ताल तुमच्या अंगात आहे. चार पावलं तुम्ही शिका, चार त्यांना शिकवा.

काही पथ्यं मात्र पाळा. दारू पिणं सक्तीचं नाही. सरबत मागायला लाजू नका. आपला पेला नजरेआड होऊ देऊ नका. मित्रांसोबत जा आणि त्यांच्यासोबतच परत या. शेवटची बस किंवा गाडी कधी आहे, ते निघण्याआधीच बघा. समोरच्या व्यक्तीनं नाही म्हटलं, की विषय तिथंच संपला. आणि तुम्हालाही नाही म्हणण्याचा तेवढाच हक्क आहे.

आईवडिलांनो, तुम्हालाही एक विनंती. फोनवर जेवण आणि अभ्यास विचारता, तसं नाचायला गेला होतास का, हेही मोकळेपणानं विचारा. ज्याला घरी खरं सांगता येतं, ते लेकरू अडचणीत सापडलं तर पहिला फोन तुम्हालाच करेल.