सातबाऱ्यावरचं ‘अ.पा.क.’ आणि भूसंपादनाचे पैसे
(महासंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)

तायांनो, मावश्यांनो, बचतीचं नि कर्जफेडीचं आवरलंय, तर आता थोडं जमिनीचं बोलू. आपल्या पुणे जिल्ह्यात रिंगरोडसाठी जमिनी चालल्यात, पुरंदरला विमानतळाचं चाललंय. नोटीस आली की घरात पहिला प्रश्न असतो, दर काय मिळणार? मी आज दुसरंच विचारते. तुमच्या सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत, त्यांत कुणी अठराच्या आतलं आहे का? कुणी भान हरपून अंथरुणाला खिळलेलं आहे का?

घरी गेल्यावर सातबारा नीट वाचा. लेकराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असेल. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कायद्यात अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे हं, १८ वर्षं पूर्ण न झालेला. नवरा वारला की वारस नोंदीत पोरांची नावं लागतात, आणि पालनकर्ता म्हणून आईचं नाव यायला हवं. कुठे कुठे चुलत्याचं लागलेलं असतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने वडिलांनंतर नैसर्गिक पालक आईच आहे. मुस्लिम भगिनींनो, तुमच्या व्यक्तिगत कायद्यात आई आपोआप मालमत्तेची पालक होत नाही. तुम्हाला न्यायालयाकडून नेमणूक घ्यावी लागते.

पण पालक झाली म्हणजे मालक झाली असं नाही. त्याच कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची जमीन विकायची तर आधी न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीविना केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून मागू शकतं. रिंगरोडला संमतीने जमीन देणाऱ्यांना २५ टक्के जादा मोबदला ठेवला होता. असं काही पुढे आलं की भाऊबंद घाई करतात, ‘वहिनी, पोरांच्या वतीने तू कर सही, बाकीचं आम्ही बघतो.’ खरेदीखत, संमतीपत्र, हक्कसोड, कागद कुठलाही असो, पोरांच्या हिश्श्यावर सही करण्याआधी वकिलाला विचारा. जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर कर्त्याचे अधिकार वेगळे असतात, तेही तिथेच कळेल.

सक्तीच्या संपादनात तुमच्या होकाराला कुणी थांबत नाही. तिथे प्रश्न पैशाचा असतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सोय आहे: जमीन विकायला कायद्याने सक्षम असा कुणी नसेल, तर जिल्हाधिकारी मोबदला प्राधिकरणाकडे जमा करतात. तो गुंतवता येतो आणि व्याज हक्कदाराला मिळतं. म्हणून ‘पोरांचे पैसे सध्या माझ्या खात्यावर राहू दे’ असं कुणी म्हणालं तर मान हलवू नका. आणखी एक. मोबदला कमी वाटत असेल तर पैसे घेतानाच ‘हरकत राखून’ असं लिहून घ्या. तसं न लिहिता उचलले, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर त्या अर्जाला मुदत फक्त सहा आठवडे.

मोठ्या माणसाचं जास्त अवघड. सासऱ्यांना काही उमगत नाही, आणि कुणी उशाशी बसून अंगठा उठवून घेतो. तो अंगठा टिकत नाही. आधी दिलेलं कुलमुखत्यारपत्रसुद्धा भान गेल्यावर चालत नाही. बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. कोमातल्या माणसासाठी मात्र उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशाच एका प्रकरणात पत्नीला पतीची पालक नेमलं. सून किंवा बायको ‘आम्ही बघतोच की त्यांचं’ म्हणते, आणि रात्रंदिवस बघतेही, पण कागदावर तिचं नाव नसतं. मला ते फार खटकतं.

अज्ञानाच्या मालमत्तेसाठी अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे शिवाजीनगरला. तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला आणि मुलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन १५१००. आणि मूल १८ चं झालं की जन्माचा पुरावा घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, ‘अ.पा.क.’ शेरा कमी करायला. पुढच्या बैठकीला येताना सातबारा आणि ८अ घेऊन या, चष्मेवाल्यांनी चष्माही आणा. बसून एकेक वाचू.