सुंदरीचा वारसा



प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीस लिपी व सुंदरीस अंकविद्या शिकविली, असे जैन परंपरा सांगते. विद्येचा पहिला मान तिने कन्येला दिला.

१९३३ मध्ये कमला भागवत यांना बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही. अपमानास्पद अटी स्वीकारून त्यांनी प्रवेश मिळविला व कामानेच उत्तर दिले. त्यानंतर संस्थेचे द्वार इतर मुलींनाही खुले झाले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळविणाऱ्या याच विदुषी पुढे डॉ. कमला सोहोनी म्हणून विख्यात झाल्या. नीरेच्या पोषणमूल्यांवरील त्यांचे संशोधन सर्वसामान्यांच्या आहाराशी निगडित होते.

वारज्याला लागूनच असलेल्या कर्वेनगरात महर्षी कर्वे यांच्या संस्थेचे मुलींसाठीचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून आहे. महाविद्यालयाचे द्वार जवळ आले. अडसर उरला तो घरातला. चांगले स्थळ आले की शिक्षण थांबते. विवाहासाठी वर्षानुवर्षे पुंजी साठविणारे घर शिक्षणशुल्कापाशी मात्र अडखळते. व्यापारी समाजाने खर्च आणि भांडवल यांतील भेद येथेही ओळखावा.

चतुर्विध दानांत ज्ञानदानही आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षी प्रत्येक कुटुंबाने एवढाच संकल्प करावा : विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या कन्येची पदवी पूर्ण होईपर्यंत विवाहाची बोलणी नकोत.

जय जिनेंद्र!