देवाचे घर आणि वाघळांचे बिऱ्हाड

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत मुळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दीत वाघळांचा विषय निघावा, याचे कोणालाही नवल वाटेल. परंतु या विषयाचा सर्वांत बोलका दाखला एका ग्रंथालयातच सापडतो. पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठात गोव्यातील कित्येक पिढ्यांनी विद्या घेतली. तेथील जोआनिना ग्रंथालय अठराव्या शतकात उभे राहिले. सोनेरी नक्षीच्या त्याच्या कपाटांमागे लहान वाघळांची वसाहत आहे. रात्री ती बाहेर येतात आणि कागद कुरतडणारे किडे टिपतात. त्यांची विष्ठा मेजांवर पडते, म्हणून संध्याकाळी दारे लावण्यापूर्वी सेवक मेजांवर चामड्याची आच्छादने पसरतात आणि सकाळी ती काढून दालन झाडून घेतात. माफ्रा येथील राजवाड्याच्या ग्रंथालयातही वाघळे अशीच नांदतात. ग्रंथ टिकले आणि वाघळेही टिकली. त्यासाठी खर्च किती, तर काही आच्छादने आणि एका माणसाचे रोजचे थोडे श्रम.

आजच्या विषयाचे मर्म एवढेच आहे. माणूस आणि वाघूळ यांचे सहजीवन केवळ भूतदयेवर टिकत नाही. त्यासाठी कोणीतरी रोज झाडू हाती घ्यावा लागतो, आणि त्या झाडूचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो.

डिचोली आणि पेडणे या महालांत जुनी देवळे पुष्कळ आहेत. चिऱ्याच्या जाड भिंती, उतरती कौले, लाकडी आढी, कायम काळोखी राहणारा माळा, अशी त्यांची ठेवण. वाघळांना नेमके हेच हवे असते. मोठे ते वाघूळ आणि लहान ती पाकोळी, असा भेद लोकभाषेने फार पूर्वी केला. वाघळे बहुधा फळे आणि मकरंद यांवर जगतात, तर पाकोळ्या किडे खातात. सायंकाळी आरतीची घंटा वाजावी आणि त्याच वेळी कौलांच्या फटींतून पाकोळ्यांची रांग बाहेर पडावी, हा नित्यक्रम पूर्वी कोणाला खटकत नसे.

आता तो खटकू लागला आहे, आणि त्याला कारणेही आहेत. सभामंडपात दुर्गंधी पसरते, संगमरवरी फरशीवर डाग पडतात, मूत्रातील क्षारांनी पितळेची समई आणि लाकडावरील रंग खराब होतो. पूजा करणाऱ्याला रोज सोवळ्याने हे सारे धुवावे लागते. त्याच्या त्रासाला क्षुल्लक म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे जीर्णोद्धार निघतो, कौले उतरतात, सिमेंटची स्लॅब पडते, आणि वाघळांचे कित्येक वर्षांचे बिऱ्हाड एका दिवसात उठते. बहुतेक जातींची मादी वर्षाकाठी एकच पिलू देते. म्हणून एकदा उधळलेली वसाहत लवकर सावरत नाही.

ती न सावरल्याने काय बिघडते? रात्रीच्या शेतीची राखण बिघडते. भातावरचे कित्येक पतंग आणि भुंगेरे पाकोळ्यांचे भक्ष्य आहेत. टेटूच्या फुलांचे परागीकरण वाघळे करतात. उंबर आणि वड यांची बीजे ती दूरवर नेतात. कोकणात उंडीच्या झाडाचे नाते तर याहून जवळचे. वाघळे उंडीची फळे नेतात, वरचा गर खातात आणि बी टाकून देतात. ते बी वेचून त्याचे तेल काढण्याची चाल कोकणात होती. ते तेल दिव्यात जळे आणि होड्यांनाही लावले जाई. ज्या पाखराला अमंगळ म्हणून हुसकावले जाते, त्याच्या उष्ट्यावर कधीकाळी कोकणातील दिवे तेवत होते.

भीतीचा प्रश्नही टाळता येणार नाही. २०१८ साली केरळात निपाची साथ आली. महाबळेश्वरच्या एका गुहेतून २०२० साली घेतलेल्या वाघळांच्या नमुन्यांत या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला आढळल्या. तेव्हा सावधगिरी हवीच. वाघळाला उघड्या हाताने शिवू नये, त्याचे उष्टे फळ खाऊ नये, वाळलेली विष्ठा पाणी शिंपडल्यावाचून झाडू नये, झाडताना नाकातोंडावर फडके बांधावे. मात्र धूर करून वसाहत उधळणे ही सावधगिरी नव्हे. उधळलेली वाघळे गाव सोडून जात नाहीत, ती शेजारच्या घरांत आणि गोठ्यांत शिरतात.

गोव्याच्या सीमेलगत, खानापूर तालुक्यात, भीमगडच्या अरण्यात बारापेडे नावाची गुहा आहे. राउटन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली याच गुहेतील नमुन्यांवरून झाले. पुढे मेघालय आणि कंबोडिया येथे ते आढळेपर्यंत, जगात त्याचे एवढेच घर ठाऊक होते. कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले, आणि भीमगड २०११ साली अभयारण्य झाले. त्याच कायद्यात फळे खाणारी वाघळे मात्र २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर आणि कावळा यांच्या पंक्तीला, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. कायदा बदलला, तरी देवळातील सफाईचा भार कायद्याने कोणी उचललेला नाही.

इंग्लंडमध्ये हाच पेच चर्चपुढे उभा राहिला. तेथे वाघळांना कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे त्यांना हुसकावता येत नव्हते, आणि उपासकांना घाण सोसवत नव्हती. अखेर चर्च, पुरातन वास्तूंचे रक्षक आणि वाघळांचे अभ्यासक एकत्र आले. लॉटरीच्या वारसानिधीतून पैसा मिळाला आणि २०१८ ते २०२३ या काळात शंभराहून अधिक चर्चना साहाय्य झाले. काही ठिकाणी वाघळांसाठी स्वतंत्र माळा बांधला, काही ठिकाणी त्यांची वाट वळवली. बऱ्याच ठिकाणी गरज लहान होती. आच्छादने आणि सफाईचे साहित्य एवढ्यानेच काम भागण्यासारखे होते.

गोव्यात देवळांचा कारभार १९३३ पासूनच्या देवस्थान नियमनाप्रमाणे महाजन पाहतात, आणि देवस्थानाचे वार्षिक अंदाजपत्रक तयार होते. त्यात तेलवात, नैवेद्य, जत्रा यांची कलमे असतात. त्याच ओळीत वाघळांच्या सफाईचे एक छोटे कलम घातले, तर देवस्थानाला ते जड जाऊ नये. देव्हाऱ्यावर धुता येईल असा चांदवा, माळ्याखाली फळ्यांचे तक्तपोस, आठवड्यातून एकदा विष्ठा गोळा करून बागायतीला खत, आणि जीर्णोद्धार काढायचा तर पिले उडू लागेपर्यंत माळ्याला हात न लावण्याचा ठराव, एवढ्यावर बरेचसे निभावते. ज्या लहान देवळांची तेवढीही ऐपत नाही, त्यांच्यासाठी दात्यांनी पुढे यावे. शिखरासाठी देणगी देणाऱ्याचे नाव संगमरवरात कोरले जाते. झाडूसाठी देणारा अद्याप कोणी पुढे आला नाही, कारण त्याच्यासाठी पाटी नाही.

मुळगावची श्री केळबाय ही शिरगावच्या श्री लईराईची बहीण. ही भावंडे एकत्र आली, आणि मग निरनिराळ्या गावी राहिली, अशी कथा आहे. एक बहीण म्हापशाच्या मिलाग्रिस चर्चमध्ये पुजली जाते, अशीही लोकांची श्रद्धा. कोणी कोणाला हुसकावले नाही. प्रत्येकीने आपली जागा घेतली आणि नाते राखले. ज्या गावाने ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली, त्याला मंडप भक्तांचा आणि माळा वाघळांचा ही वाटणी अवघड वाटू नये.

शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पुस्तक टिकते ते दरवर्षी कपाट उघडून धूळ झटकणाऱ्या हातामुळे. त्या हाताचा पगार ग्रंथालयाच्या जमाखर्चात नेहमीच सर्वांत लहान आकडा असतो.